लाह्यांचा मका आणि बाबांचा मुक्काम

मला लाह्यांच्या मक्याची हौस कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण शिरपुरात माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया अजून विचारतात, "ताई, औंदा पॉपकॉन नाई लावले काय?" आणि मला दरवेळी कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. लाह्या खायच्याच असत्या तर मंदिराच्या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी गाडी उभीच असते. गरमागरम मिळतात, मिठाहळदीसकट. त्यासाठी परसातली माझी मेथी, पालक आणि चांगली लागलेली वांगी उपटून मका लावायची काही गरज नव्हती. मला मका नको होता, मला बाबा घरात राहायला हवे होते.

बाबा म्हणजे माझे वडील. इंझोरीला आमचं घर आहे आणि आई गेल्यापासून ते तिथं एकटेच असत. मी एकुलती एक. शेत त्यांनी गुडघ्यांपायी बटईनं देऊन टाकलं होतं, म्हणजे करणारा दुसरा आणि बाबा बांधावर उभं राहून त्याच्या चुका काढणारे. त्या उन्हाळ्यात ते न्हाणीत पाय घसरून पडले. सकाळी पडले ते दुपारी दूधवाल्याच्या बायकोनं हाक मारेपर्यंत तिथंच होते. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर ती ओली फरशी सारखी येत राहिली. मी जाऊन त्यांना घेऊन आले. "चार रोज चला," एवढंच म्हटलं.

चार रोजांचे बरेच रोज झाले, पण ते पाहुणेच राहिले. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी राहत नाहीत. पाहुणे म्हणून येतात, चहा घेतात, नातवाच्या हातावर काहीतरी ठेवतात आणि संध्याकाळच्या बसनं परत जातात. माझ्या आजोबांनी तर म्हणे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही. बाबा तेवढे कडक नव्हते, पण राहायचे ते पाहुण्यासारखे. ताटात दुसरी भाकर घ्यायचे नाहीत. पंखा लावायचे नाहीत. आमचे हे मालेगावला नोकरीला जातात. ते घरी आले की बाबा बाजेवरून उठून उभे राहायचे. "जवाई थकून आले असन," म्हणून स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. यांना इतकं अवघडायला व्हायचं की हेही बाहेर जाऊन उभे राहायचे. मग घरात मी एकटी आणि बाहेर दोघं, अशी आमची संध्याकाळ.

पेरणीचे दिवस आले तसं बाबांचं "जातो आता" सुरू झालं. शेत दुसऱ्याच्या हातात, तरी जातो. राहा म्हटलं तर नाही म्हणतील आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी राहा म्हटलंच नाही, डोकं चालवलं. पीक उभं असताना शेतकरी हलत नाही. एवढी एकच गोष्ट मला बाबांबद्दल खात्रीनं माहीत होती.

आता पीक कुठलं? भाजीपाला त्यांच्या लेखी पीकच नव्हतं. कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकवलेला माणूस. मेथीकडे ते बघायचे तेसुद्धा दया येऊन. मग मला मोबाइलवर सापडला लाह्यांचा मका. साध्या मक्याची कणसं कोवळी काढून खातात, पण हा म्हणे झाडावरच पूर्ण वाळू द्यायचा, पानं पिवळी पडून कणसाची सालं कडक होईपर्यंत. म्हणजे थेट दिवाळीपर्यंत. मला तेवढंच पाहिजे होतं. किराणातून लाह्यांच्या मक्याचं पाकीट आणलं, मूठभर दाणे कढईत टाकून छान फुटतात हे बघितलं आणि उरलेले बाबांपुढं ठेवले.

"किराणातून बियानं आनते काय कोनी?" बाबा म्हणाले.

"मले लावायचा हाये. जमते का तुमाले, नाई तं मी कोनाले तरी बोलावतो."

मी असं म्हटल्यावर ते उठले. वास्तविक तिथंच मी गप्प बसायला पाहिजे होतं, पण मी म्हटलं, "वांगी राहू द्या, बाजूनं लावा." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही अभद्र बोलले. "मका एका ओळीत नाई भरत. चौकोनात लागते, ओळीशेजारी ओळ, तवा कुठं कनसात दाना भरते." आणि दुसऱ्या दिवशी माझी वांगी उपटली गेली. फुलावर आलेली होती हो! संध्याकाळी ती सगळी झाडं त्यांनी मला दाखवायला ओळीनं मांडून ठेवली होती, मुळांसकट.

पुढे जे झालं त्यानं माझ्या नाकी नऊ आले. दोरी लावून ओळी आखल्या. दाणे एकेक करून मातीत खुपसून टोबले. उगवण झाली तशी रोज सकाळी उगवलेलं मोजणं, न उगवलेल्याचं दुःख करणं आणि त्याचं खापर किराणा दुकानावर फोडणं. माझी मशीन परसाच्या खिडकीशी आहे. मी शिवत असले की खिडकीत बाबांचं तोंड. "तिसऱ्या ओळीत एक मेला." बरं. "किडा दिसून राह्यला पोंग्यात." बरं. समोर बाई माप द्यायला हात वर करून उभी, आणि खिडकीतून बाबा पोंग्यातली, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीतली, अळी चिमटीत धरून दाखवतायत. ती बाई ओरडली ते योग्यच होतं.

पण कहर झाला डवरणीच्या वेळी. डवरा म्हणजे ओळींच्या मधली माती हलवायचं औत, ते बैल ओढतात. परसात बैल कुठून आणायचा? खुरपं होतं, त्यानं निभलं असतं. पण बाबांनी जुनी लोखंडी पट्टी, लाकूड आणि दोरी जमवून एक लहानसा डवरा तयार केला आणि दोरी स्वतःच्या खांद्यावर टाकून ओढायला लागले. गुडघे दुखतात म्हणून ज्यांच्यासाठी मी खाली गादी घालत नव्हते, ते बाबा! आणि हे सगळं केव्हा, तर शाळा सुटायच्या वेळेला, कुंपणापलीकडून निम्मं शिरपूर जात असताना. शेजारची काकू उभी राहिली, तिच्या मागं आणखी दोघी.

"काय वं माय, बापाले औताले जुपलं काय?" काकू म्हणाली.

"मी नाई जुपलं, थे सोता जुपले!" मी म्हटलं. पण गावात कुठली गोष्ट टिकते ते सगळ्यांना माहीत आहे. महिनाभर माझ्याकडे मापाला आलेली प्रत्येक बाई आधी बाबांची चौकशी करायची आणि माझ्याकडे जरा वाकडंच बघायची.

कणसं लागली तसा दुसरा ताप सुरू झाला. आपल्याकडे मक्याचं कणीस दिसलं की माणसाला ते भाजलेलंच दिसतं. येणारा-जाणारा कुंपणाशी थांबायचा. आणि बाबांचा नियम असा की शेताशी आलेल्या माणसाला रिकाम्या हाती लावून द्यायचं नाही. इंझोरीच्या शेताला तो नियम ठीक होता, माझ्या परसाला कसा परवडेल? पण बाबा देत सुटले. पोस्टमनला दोन, पाणी सोडणाऱ्याला दोन, काकूला तर ओचाभर. मी हात जोडले. "बाबा, हे भाजून खायचं नसते, लाह्याचं हाये." तर म्हणे, "लोकाईले काय समजते? मागतलं तं देनं लागते." काकूनं ती भाजली आणि संध्याकाळी गाल धरून आली. "कसला मका हाये बापा, दातच हालला माहा." त्या दिवसापासून मागणाऱ्यांची गर्दी आपोआप कमी झाली. काकूचा दात मात्र पुढं काढावा लागला आणि ते अजूनही माझ्याच नावावर आहे.

त्यानंतर राघू. सकाळी कापड कापायला बसावं तर परसात डबा वाजायला लागायचा. बाबांनी ते हाकलायला तेलाचा रिकामा डबा आणि एक सराटा, म्हणजे उलथणं, घेतलं होतं, आणि राघू असो नसो, ठराविक वेळानं वाजवायचेच. माझी कात्री दोनदा वाकडी गेली. एकीच्या ब्लाउजची बाही आखूड झाली आणि तिला मी सांगितलं की आता अशीच फॅशन आहे.

एवढा वैताग, पण एक खरं होतं. बाबा दोन भाकरी खायला लागले होते. न विचारता पंखा लावायचे. आमचे हे घरी आले की बाबा बाजेवरून उठायचे नाहीत, उलट त्यांनाच जवळ बसवून सांगायचे, आज तुरा कसा झडला, कणसाचे केस कसे काळे पडले. मी चहा टाकता टाकता ऐकायची आणि मनातल्या मनात मक्याला म्हणायची, वाळू नको रे लवकर.

पण पीक कुणाचं ऐकतं का? दिवाळीच्या आधी झाडं खडखड वाजायला लागली. बाबांनी एका दिवसात सगळी कणसं मोडून आणली आणि म्हणाले, "वाळवून, सोलून देतो तुले. दिवाळी झाली का मी जातो मंग." मला लगेच दिसलं, इंझोरीचं ते घर, ती न्हाणी आणि हाकेच्या अंतरावर कुणी नाही.

वाळवायचं काम बाबांच्या हाती गेलं आणि तिथंच घोळ झाला. आयुष्यभर त्यांनी तूर आणि गहू वाळवलेला. धान्य वर्षभर कणगीत टिकायचं तर ते असं वाळलं पाहिजे की किड्याला तोंड घालता येऊ नये. दाणा दाताखाली धरायचा, कटकन आवाज आला की झालं, नाही आला की पुन्हा उन्हात. बाबांनी कणसं आमच्या टिनाच्या छपरावर टाकली. त्या टिनावर दुपारी पापड भाजून निघेल. कणसं वाळली, दाणे सोलले, दाणे पुन्हा टिनावर गेले. रोज एक दाणा चावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून पाह्यजे." मी कधीच्या काळी मोबाइलवर वाचलं होतं, लाह्यांचा मका फार वाळवायचा नसतो. पण बाबांना धान्य वाळवायला शिकवायचं? त्यापेक्षा राघूंना शिकवलेलं बरं.

पाडव्याला काकूला बोलावलं, हे घरी होते, बाबा न्हाऊन धुऊन सदरा घालून बसले. मी कढईत तेल टाकलं, मूठभर दाणे टाकले, झाकण ठेवलं. एक दाणा फुटला. बऱ्याच वेळानं दुसरा. मग धूर यायला लागला. झाकण काढलं तर दोन-चार लाह्या आणि खाली काळे टणक दाणे.

काकू म्हणाली, "बियानंच बोगस असन." आमचे हे भोळेपणानं बोलले, "नाही, पाकिटातले तर हिनं आधी फोडून पाहिले होते, मस्त फुटले होते." मी यांच्याकडे बघितलं, पण बोलून झालं होतं. बाबांनी एक काळा दाणा उचलला, बोटात फिरवला आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की गॅसवर लाह्या फुटत नाहीत. परसात तीन विटांची चूल मांडली. तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, जाळल्या, कढई लाल केली, दाणे जळले. मग म्हणाले वाळूत फोडायला पाहिजे. वाळू आणली. मग मिठात. माझं मीठ गेलं, कढई गेली, परसात धूर आणि माझ्याकडचे सगळे कपडे धुराच्या वासाचे. मी चिडून म्हटलं, "बाबा, राहू द्या न आता."

"अशी नाचक्की करून नाई जात मी," ते म्हणाले. "लेकीच्या घरी पीक घेतलं अन् पोचट निंगालं, असं म्हनतीन लोक. हे जमल्याबिगर मी इथून हालत नाई."

आणि मी मशीनवर बसल्या बसल्या हे ऐकलं आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. कारण मला उपाय माहीत होता. मोबाइलवर शोधलंच होतं. दाण्याच्या पोटात थोडी ओल लागते. तीच तापून वाफ होते आणि दाणा फोडते. बाबांनी ती ओल टिनावर पार संपवली होती. दाणे बरणीत घालून चमचाभर पाणी टाकायचं, झाकण लावून रोज हलवायचं, आठवड्यात मका पुन्हा फुटायला लागतो. एवढंच. आणि मी जर हे बोलले नाही, तर बाबा कुठं जाणार नव्हते.

मी बोलले नाही. पण ते बघवेना. बाबा चुलीपुढं उकिडवे बसायचे, डोळे लाल, गुडघ्यावर हात. पुन्हा एक भाकर. पुन्हा पंखा बंद. हे आले की उठून ओट्यावर. धूर तर होताच, पण त्यांचं ते गप्प राहणं जास्त जाचत होतं. डबा वाजवत होते तेव्हा मला वैताग यायचा; आता डबा कोपऱ्यात पडलेला बघून त्याहून जास्त वैताग यायला लागला. शेवटी मी बरणी घेऊन परसात गेले आणि त्यांच्या पायाशी आदळली.

"ह्याच्यात दाने टाका अन् चमचाभर पानी टाका."

"पानी?" त्यांनी असं विचारलं, जसं मी धान्यात रॉकेल ओतायला सांगितलं. "वाळल्या धान्याले पानी दाखवते काय? बुरशी येईन त्याले."

"येऊ द्या बुरशी. तसंही कोनाच्या पोटात जात नाई थो."

बरंच भांडण झालं. ते मला शेतीतलं काय कळतं म्हणाले, मी त्यांना लाह्यांतलं काय कळतं म्हटलं. अखेर मीच पाणी टाकलं. ते तिकडे तोंड करून बसले, पण बरणी मात्र रोज कोणीतरी हलवत होतं आणि ते मी नव्हते.

आठवडाभरानं एका संध्याकाळी त्यांनीच गॅसवर दुसरी कढई ठेवली. मी मशीनवर होते. पहिला दाणा फुटला, मग दुसरा, मग असा तडतडाट झाला की झाकण उडून पडलं आणि लाह्या गॅसवर, ओट्यावर, माझ्या शिवलेल्या कपड्यांवर. बाबा मोठ्यानं हसले. आईच्या नंतर मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. "पाह्य वं, पाह्य!" म्हणत त्यांनी परातभर लाह्या फोडल्या, घरोघरी वाटायला लावल्या. काकूला तर स्वतः नेऊन दिल्या. रात्री जेवताना म्हणाले, "झालं आता. सकाळच्या बसनं निंगतो."

सकाळी हे कामावर गेले होते. मी पिशवी घेऊन बाबांबरोबर स्टँडवर गेले. इंझोरीला जायचं तर मध्ये बस बदलावी लागते. मला ते सांगायचं होतं, पण रस्ताभर तेच बोलत होते. मक्याची ताटं उपटून टाकजो, जमीन एकदा खालीवर करजो, वांगी लावजो आता. वांगी लाव म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बस येऊन उभी होती. मी पिशवी खाली टाकली.

"मले नाई लावाची वांगी! अन् मका बी नव्हता लावाचा मले. कधीच नव्हता."

"मंग काहून लावला?"

"तुमी जाऊ नोये म्हून लावला. तुमी तिथी एकले पडून राह्यता अन् मले इथी झोप लागत नाई. पीक उभं राह्यलं का तुमी राह्यता, म्हून लावला. समजलं आता?"

मी रडत होते आणि ओरडत होते. स्टँडवरची माणसं बघत होती. बाबा माझ्याकडे बघत उभे राहिले.

"म्हंजे डवरा ओढला म्यां, थो..."

"कोनी सांगतलं होतं ओढाले!"

"अन् राघू राखले."

"हो."

"अन् तुले मका पाह्यजेच नव्हता." ते आता चिडले होते. "बाई, पयल्या दिवशी राहा म्हटलं असतं तं काय जीभ झडली असती तुही? लेकीच्या घरी बाप सोताहून राह्यते काय? कोनी म्हनाव तं लागते. तुनं म्हटलं चार रोज चला. मंग म्हटलं मका लावा. राहा म्हून तं एकडाव नाई म्हटलं."

"तुमी नाई म्हटलं असतं."

"तुनं म्हटलंच नाई, तं मी नाई कसा म्हनीन?"

कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, "आजोबा, चढता का नाही? गाडी सोडायची आहे."

"राहा बाबा," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. कंडक्टरकडे वळले आणि बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "जाऊ द्या तुमची गाडी. पोरगी राहा म्हनते."